अंदाजे पंच्याऐंशी

आधीच सांगून ठेवतो, त्या गुरुवारची माझी योजना बिनचूक होती!

आणि 'बिनचूक' हा शब्द मी सहजासहजी वापरत नाही. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझी हयात गेली. स्वतःच्या एखाद्या गोष्टीला बिनचूक म्हणायची वेळ माझ्यावर एकदाच आली, ती त्या गुरुवारी सकाळी, चहा पिताना. कप विसळून ठेवेपर्यंत तरी ते खरं होतं.

मी मुळातच वाकलेला माणूस आहे. चाळीस वर्षं कागदावर वाकून काढली हे एक कारण, आणि स्वभाव हे दुसरं. समोरून कुणीही आलं की मी आधी बाजूला होतो आणि मग ते कोण आहे ते बघतो. दाराचा धक्का लागला तर मी दाराला 'माफ करा' म्हणतो. लोकांना वाटतं ही नम्रता. ती निव्वळ भीती आहे.

आमची ही बरोबर उलट! तिची लाँड्री आहे. आमची नव्हे, तिची. भाड्याच्या एका खोलीत, एका टबावर तिनं ती सुरू केली, आणि आज तिथं तीन मोठी यंत्रं आहेत. मी निवृत्त झाल्यापासून गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकांना पावत्या देतो आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वाचतो. कधी कधी गिऱ्हाईक समोर उभं असतानाही वाचतो.

काम मुख्यतः एका हॉटेलचं. चादरी, अभ्रे, टॉवेल. यंत्राचं गोल दार येतं गुडघ्याच्या उंचीला. त्यात वाकायचं, दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घालायचे, एकमेकींना पिळे घालून बसलेल्या ओल्या चादरी ओढून काढायच्या आणि वळून गाड्यात टाकायच्या. हा गाडा म्हणजे चाकांवरची, तारेच्या जाळीची खोल टोपली. कोरडी चादर ही चादर असते हो! ओली चादर म्हणजे मुक्कामाला आलेला आणि उठायला तयार नसलेला पाहुणा. असे पाहुणे ही दिवसभर उठवते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, कारण "तुम्ही लोक किनार फाडता!"

व्हायचं तेच झालं. तिची पाठ गेली.

पहिल्यांदा ती म्हणाली, झोपेत अवघडली असेल. मग म्हणाली, गादी वाईट आहे. गादी बदलली. मग म्हणाली, जुनी गादीच बरी होती! शेवटी व्यायामवाल्या बाईंकडे गेली. स्नायूंचे व्यायाम करून घेणाऱ्या त्या बाईंनी सांगितलं, पाठ अजून हातची गेलेली नाही, पण असं वाकून ओझं उचलणं थांबवा.

"वाकायचं नाही म्हणे!" ती घरी येऊन म्हणाली. "चादरी काय, आपणहोऊन बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडणार आहेत?"

मी हसलो. ती नाही हसली. त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "विकून टाकू या का हो लाँड्री?"

मला या वाक्यातल्या 'का हो'ची भीती वाटली. आजवर तिनं मला कधी काही विचारून केलं नव्हतं!

त्यातच हॉटेलवाल्यांनी नवी इमारत बांधली. त्यांचा मॅनेजर गुरुवारी येणार होता. नव्या इमारतीचंही काम घेता का, हो की नाही, एवढंच विचारायला. नाही म्हटलं तर सगळंच काम तो एखाद्या मोठ्या लाँड्रीला देणार, हे उघड होतं. म्हणजे हो म्हटलं तर पाठ जाणार आणि नाही म्हटलं तर दुकान जाणार. तिनं मनात 'नाही' ठरवलं होतं. मला ते तिनं सांगितलं नाही. पण ती अचानक यंत्रं पुसायला लागली होती, कुणी बघायला येणार असल्यासारखी.

मी घाबरलो की वाचतो. वाचता वाचता एका मासिकात मला तो सापडला.

सांगाडा! अंगावर बाहेरून चढवायचा. छातीवर एक गादी, कमरेला पट्टा, मांड्यांना पट्टे, आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगा. वीज नाही, मोटर नाही. वाकलं की स्प्रिंग ताणली जाते आणि उठताना तीच माणसाला वर उचलते. पाठीवरचा भार पुष्कळसा मांड्यांवर जातो. गोदामात पोती हलवणारे, रुग्णांना उचलणाऱ्या परिचारिका, विमानतळावरचे सामानवाले, सगळे वापरू लागलेत म्हणे. मी कंपनीला कळवलं. त्यांनी आठवडाभर वापरून बघायला एक पाठवून दिला.

"हे काय आणलंत?" तिनं खोकं बघून विचारलं.

"सांगाडा."

"कुणाचा?"

"कुणाचा नाही गं. अंगावर चढवायचा. तुझ्या पाठीसाठी."

"आतला एक आहे तोच मला जड झालाय! आणि घोड्यासारखं खोगीर घालून मी गिऱ्हाइकांसमोर फिरू?" ती म्हणाली. "एवढं चांगलं असेल तर तुम्ही घाला!"

माझ्या योजनेचं बी तिनंच पेरलं, हे ती आजही मान्य करत नाही.

आता अडचण अशी की, स्प्रिंगा वापरणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावायच्या होत्या. दोन्ही बाजूंना एकेक चकती, चकतीवर आकडे, आणि ती फिरवायला एक छोटी किल्ली. ताण वाढवला की दर दोन किलोंना 'कट' असा आवाज होई. कमी करताना मात्र चकती मुकाट फिरे.

आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. या काळात मी तिला पुष्कळ गोष्टी विचारल्या असतील. वजन विचारलं नाही. आमचा संसार टिकला आहे.

तरी मी प्रयत्न केला. लाँड्रीत कपडे तोलायचा मोठा काटा आहे, जमिनीवरचा.

"अगं, जरा त्या काट्यावर उभी राहतेस?"

"कशाला?"

"ते... वरचा डबा काढायला."

"काट्याच्या वर डबा कुठाय?"

डबा नव्हता! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथं डबा ठेवला. तिनं तो लांबूनच हात घालून काढला आणि विचारलं, "हा इथं कुणी ठेवला?"

मग मी इस्त्रीवाल्याला गाठलं. हा आमचा जुना माणूस. बोलतो कमी, ऐकतो सगळं.

"तुझ्या अंदाजानं," मी हळूच विचारलं, "बाईंचं वजन साधारण..."

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "काका," तो म्हणाला, "मला इथं अजून नोकरी करायचीय."

शेवटी मी अंदाज केला. कमी लावलं तर तिची पाठ दुखणार. जास्त लावलं तर काय बिघडणार, थोडा जास्त आधार मिळेल! सढळ हातानं मी दोन्ही चकत्या पंच्याऐंशीवर नेऊन ठेवल्या. किल्ली हरवू नये म्हणून वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातली. मी एका वेळी सहा-सात पुस्तकं वाचत असतो, हे त्या क्षणी लक्षात आलं नाही.

आणि योजना? ती अशी. गुरुवारी सकाळी ही व्यायामवाल्या बाईंकडे जाते. तेवढ्यात मी सांगाडा चढवायचा. ती दारात येईल तेव्हा मी, तिचा हा काटकुळा नवरा, यंत्रातून ओल्या चादरी फुलांसारख्या काढत असेन! वाचलेलं पटत नाही, पाहिलेलं पटतं. हे मी कुठंतरी वाचलं होतं.

माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी बसून मांड्यांचे पट्टे आवळले. उभा राहिलो. छातीवरची गादी ओढून कमरेशी अडकवली. टक्क!

वाचकहो, माझं वजन बावन्न किलो आहे.

पंच्याऐंशी किलोंच्या माणसाला हलकेच वर उचलणाऱ्या त्या स्प्रिंगांनी मला असा काही ताठ केला की, माझ्या बरगड्यांची आणि जगाची पहिल्यांदाच समोरासमोर गाठ पडली! छाती पुढे, खांदे मागे, हनुवटी वर. कानामागची पेन्सिल खाली पडली. मी ती उचलायला वाकलो. म्हणजे वाकायला निघालो. आग्रही यजमान कसा खांद्यावर हात ठेवून "राहू द्या हो, राहू द्या" म्हणतो, तसं सांगाड्यानं मला अर्ध्या वाटेवरून परत उभं केलं.

पुन्हा वाकलो. पुन्हा "राहू द्या हो!"

यंत्राचं दार गुडघ्याशी. माझे हात कमरेशी. चादरींना मी वरूनच बघत राहिलो.

काढून टाकावा म्हटलं. पण पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं, 'काढताना आधी मांड्यांचे पट्टे सोडावेत, मगच छातीची गादी. अन्यथा इजा संभवते.' आणि मांड्यांचे पट्टे तर खाली! आत इस्त्रीवाला होता, त्याला हाक मारता आली असती. पण काय सांगणार? माझ्या मांडीचे पट्टे सोड?

तेवढ्यात दारातून सावली आत आली. गिऱ्हाईक!

या अवतारात मला कुणी बघणं शक्यच नव्हतं. शेजारच्या दांडीवर धुऊन लटकवलेले कपडे होते. त्यातला सगळ्यात मोठा कोट मी ओढला, अंगात चढवला आणि बटणं लावली. सांगाड्यावर तो असा तटतटला की, शेवटचं बटण लावताना मी श्वास सोडला तो परत घेताच येईना.

आत आल्या वकीलबाई. या बाईंपुढे मी एरवी गल्ल्याच्या पातळीच्या वर दिसत नाही.

"आमच्या यांचा कोट तयार आहे का?"

"कुठला, बाई?"

"राखाडी. लांब. मोठी काळी बटणं."

मी खाली पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी, कारण मान काही वळेना. राखाडी. लांब. बटणं काळी.

"आहे," मी म्हणालो. "तयार आहे."

"मग द्या."

"जरा वेळ लागेल."

"का?"

"वापरात आहे."

वकीलबाईंची नजर माझ्या गळ्यापासून खाली उतरली आणि बटण बटण मोजत परत वर आली.

"तुम्ही," त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा कोट घालून, माझ्यासमोर, छाती काढून उभे आहात!"

"मी काढलेली नाही हो, ती आपोआप..."

"मी इथं बसते," त्या बाकावर बसल्या. "मालकीणबाईंना येऊ दे!"

मालकीणबाई हा शब्द ऐकून माझं सगळं अवसान गळालं. अंग तेवढं सांगाड्यानं धरून ठेवलं.

मग आला माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. हॉटेलातून मळक्या कपड्यांची गाठोडी आणायची गाडी तो चालवतो, आणि बातम्याही तोच पोचवतो. गाठोडी तो दारातूनच फेकतो, आणि गोळा करायला मी वाकतो. अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत.

"भावोजी, झेला!" गाठोडं माझ्या पायांशी येऊन पडलं.

मी ताठ.

दुसरं गाठोडं आलं. मी ताठ.

"भावोजी? रागावलात?"

"नाही रे."

"मग उचला ना!"

"उचलवत नाही." माझ्या कपाळावरून घामाची धार लागली होती. तो उकाडा, त्यात यंत्रांची वाफ, त्यात वकीलबाईंच्या यजमानांचा लोकरी कोट!

मेहुणा बाकाजवळ सरकला. "बाई, हे कधीपासून असे आहेत?"

"मी आले तेव्हापासून. आणि तो कोट आमचा आहे."

"या उकाड्यात कोट?" मेहुण्याचा चेहरा उतरला. तो माझ्याजवळ आला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "भावोजी, मला ओळखलंत ना? काय होतंय?"

आता सांगणं भाग होतं. सगळं धैर्य गोळा करून मी म्हणालो, "अरे, काही नाही. मी आत सांगाडा घातलाय."

मेहुण्यानं फोन काढला. "ताई! तू ये! भावोजी बरळायला लागलेत! अंग ताठ पडलंय, घामानं भिजलेत, वाकत नाहीत, आणि छाती..." तो थांबला. "ठेवला तिनं. 'छाती' ऐकल्यावर ठेवला."

"अरे गाढवा, ती धावत येईल!" मी ओरडलो. छातीत हवा नव्हती, त्यामुळे ते कुजबुजल्यासारखं झालं. "तिची पाठ! तिला धावायला देऊ नकोस!"

"शांत राहा, भावोजी. बोलू नका."

विचार करा! जिची पाठ वाचावी म्हणून हा सगळा खटाटोप, ती माझ्यामुळे भर उन्हात रस्त्यानं पळत सुटली होती. आणि मी तिला अडवायला दुकानाबाहेर जावं म्हटलं, तर पायरी उतरायला वाकावं लागत होतं!

तिच्या आधी येऊन पोचला हॉटेलचा मॅनेजर. चकचकीत बूट, हातात घड्याळ, डोक्यात दुसरीच कुठली तरी घाई.

"मालकीणबाई?"

"येतायत," मेहुणा म्हणाला.

मॅनेजरनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे कोण?"

"आमचे भावोजी. त्यांना झटका आलाय."

"उभ्या उभ्या?"

"तेच तर कळत नाहीये!"

आणि ती आली. एक हात कमरेवर, केस सुटलेले, एका पायात चप्पल. दारातच थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. एकेचाळीस वर्षांत ही बाई कशाला घाबरलेली मी पाहिली नव्हती.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही गं, मी फक्त..."

"बोलू नका! बसवा रे यांना आधी! उभं काय ठेवलंय!"

मेहुण्यानं खुर्ची आणली. इस्त्रीवाला बाहेर आला. दोघांनी मला खांद्यांना धरून खाली दाबलं. मी बसलो. त्यांनी हात काढले. टणकन मी उभा!

"आईशप्पथ!" मॅनेजर म्हणाला.

"पुन्हा!" ही म्हणाली.

पुन्हा बसलो. पुन्हा टणकन! या वेळी माझं टाळकं मेहुण्याच्या हनुवटीवर बसलं.

"धरून ठेवा ना!" वकीलबाईसुद्धा उठल्या. कोटाच्या काळजीनं असेल, पण उठल्या. "मी हा खांदा धरते!"

तिघांनी मिळून मला दाबलं. मी "सांगाडा, सांगाडा" म्हणत होतो, आणि मेहुणा वर बघून "ऐकलंत? ऐकलंत?" म्हणत होता. तेवढ्यात इस्त्रीवाल्याचा हात घामावरून सटकला आणि मी एका बाजूनंच सुटलो. खुर्ची मागे गेली, मी पुढे. दोन पावलं धडपडत गेलो आणि समोरच्या ओल्या चादरींनी भरलेल्या गाड्यात उपडा पडलो. पाय जमिनीवर, पोट गाड्याच्या काठावर, डोकं आणि हात थेट चादरींच्या तळाशी. सापडली असती तर पेन्सिलही उचलता आली असती, इतका वाकलो. हात चादरींच्या पिळ्यात अडकले. स्प्रिंगा कुंथायला लागल्या.

"बाजूला व्हा सगळे!" हिचा आवाज आला. "मी काढते यांना!"

गाड्याच्या जाळीतून, माझ्या पायांच्या मधून मला ती उलटी दिसली. तिनं पदर खोचला, पाय रोवले. कमरेतून वाकली. आणि तिचा चेहरा कळवळला. हात पाठीकडे गेला, तरी ती वाकतच राहिली.

"खबरदार वाकलीस तर!"

हे कोण ओरडलं ते मला लगेच कळलं नाही. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मीच ओरडलो होतो! इतका मोठा आवाज माझ्या आत इतकी वर्षं कुठं बसून होता, कोण जाणे. ही होती तिथं थिजली. वकीलबाई सावधान उभ्या राहिल्या.

ओरडताना मी पाय जमिनीवर दाबले असावेत. कारण पुढच्याच क्षणी स्प्रिंगांनी आपलं काम चोख बजावलं. मी गाड्यातून वर आलो! नुसता नाही. हातांत अडकलेल्या सगळ्या चादरी घेऊन वर आलो. पाणी निथळतंय, चादरींचा ढीग हनुवटीपर्यंत आलाय, आणि मी ताठ उभा. कोटाची बटणं एकामागून एक उडाली. एक यंत्रावर वाजलं, एक इस्त्रीवाल्यानं झेललं, आणि एक मॅनेजरच्या चष्म्यावर टिचकी मारून गेलं.

कोट उघडला. आतला सांगाडा सगळ्यांना दिसला.

चादरींतलं पाणी टपटपत होतं.

"हे... तेच का?" ती म्हणाली.

"तेच."

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?"

"नाही गं. मघापासून तेच सांगतोय."

ती माझ्यावर भडकेल अशी माझी खात्री होती. पण ती माझ्या हातांतल्या ढिगाकडे बघत होती. तिच्याइतकं त्या ओझ्याला कोण ओळखणार! एवढा ढीग ती दोन खेपांत काढते, आणि दुसऱ्या खेपेनंतर भिंतीला टेकते.

"पाठ?" तिनं विचारलं.

"काही नाही. खरंच काही नाही. खांदे तेवढे भरून आलेत."

तिनं चादरी घेतल्या, मेहुण्याच्या अंगावर टाकल्या आणि माझ्या कमरेशी हात घातला.

"थांब! थांब! आधी मांड्यांचे पट्टे! पुस्तिकेत लिहिलंय, इजा..."

टक्क. छातीवरची गादी सुटली. काहीही झालं नाही. मी फक्त माझ्या नेहमीच्या आकारात परत आलो.

"सकाळपासून तुम्ही एवढ्यासाठी उभे होतात?"

"ठळक अक्षरांत छापलं होतं गं."

मॅनेजरनं चष्मा पुसत घड्याळ पाहिलं. "बाई, मला निघायचंय. काम घेताय की नाही?"

तिनं माझ्या अंगावरून सांगाडा उतरवला, उलटा सुलटा करून पाहिला, स्प्रिंग बोटानं दाबून पाहिली. माझा जीव भांड्यात पडला. जमलं! थोड्या वेगळ्या मार्गानं, पण जमलं!

"हा पंच्याऐंशी आकडा कसला?" तिनं विचारलं.

जीव भांड्यातून परत बाहेर आला.

"तो... तो क्रमांक आहे," मी म्हणालो.

"कसला क्रमांक?"

गल्ल्यावर पडलेली पुस्तिका मॅनेजरनं उचलली. मदत म्हणून! हॉटेलवाल्यांना मदतीची फार हौस. "हे बघा," तो मोठ्यानं वाचू लागला. "चकतीवर वापरणाऱ्याचे वजन..."

आणि त्यालाही कळलं. त्यानं पुस्तिकेत तोंड घातलं.

"माझं वजन?" ती म्हणाली.

"अंदाजे," मी म्हणालो.

"पंच्याऐंशी?"

"अंदाज होता गं फक्त."

"यात बचावाला जागा नाही," वकीलबाई स्वतःशीच पुटपुटल्या. इस्त्रीवाला शिट्टी वाजवत आत निघून गेला. शिट्टी त्याला वाजवता येत नाही.

"कमी करा."

"किल्ली... एका पुस्तकात आहे."

"कुठल्या?"

माझ्या घरात पुस्तकं किती आहेत हे तिला माहीत आहे. दर दिवाळी-दसऱ्याला तीच सगळी झाडते.

ती पूर्ण एक मिनिट माझ्याकडे बघत होती. मग मॅनेजरकडे. मग यंत्राच्या त्या गोल दाराकडे. शेवटी तिनं दात आवळले आणि सांगाडा चढवला. छातीची गादी लावली. टक्क. यंत्रासमोर उभी राहिली आणि हळूच, पाण्यात पाय घालून बघावं तशी, वाकली.

वाकली! सांगाड्यानं तिला वाकू दिलं. ती आत गेली, चादरींचा गुंता धरला, ओढला आणि वर आली.

मी तिचा चेहरा बघत होतो. वर येताना तिच्या ओठांवर येणारं ते 'आई गं' मला पाठ झालं होतं. ते आलं नाही. तिनं चादरी गाड्यात टाकल्या, पुन्हा वाकली, पुन्हा वर आली. पुन्हा वाकली. मग पाठमोरीच उभी राहिली थोडा वेळ. नाक ओढल्यासारखा आवाज आला.

"ताई?" मेहुणा म्हणाला.

"काही नाही. साबणाची वाफ." ती वळली. "साहेब, नव्या इमारतीच्या चादरीही पाठवा. पण उद्यापासून नाही, सोमवारपासून. आणि बाई, कोट बटणं लावून, पुन्हा धुऊन संध्याकाळी घरी पोचेल."

"हे पोचवतील का?" वकीलबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"घालून नाही पोचवणार," ती म्हणाली.

त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे मेहुण्यामार्फत बोलली. "त्यांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." मी शेजारीच उभा असायचो. मेहुणा इमानेइतबारे सांगायचा, "भावोजी, जेवण झाकून ठेवलंय."

संध्याकाळी किल्ली सापडली. पक्ष्यांच्या स्थलांतरावरच्या पुस्तकात होती. मी ती मुकाट्यानं तिच्यासमोर ठेवली.

"मीच लावते," ती म्हणाली. त्यानंतरचं पहिलं थेट वाक्य! "तुमचा अंदाज म्हणजे अगदीच काहीतरी! केवढी चूक करावी माणसानं!"

सांगाडा घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पुस्तक उघडून बसलो. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण चाळीस वर्षांची सवय आहे, बारीकसारीक गोष्टी सुटत नाहीत.

कट.

मग दुसऱ्या बाजूची चकती.

कट.

ती बाहेर आली. "केलं कमी," ती म्हणाली. "बरंच कमी केलं. आता बरोबर बसतंय."

मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणालो, "चुकलंच माझं."

मुद्रितं तपासणारा माणूस आहे मी. जन्मात पहिल्यांदाच, समोर दिसत असलेली चूक मी खूण न करता तशीच सोडून दिली.